न उचललेली रिंग

सेक्टर लोस ग्वामोस, हायूया
१४ जानेवारी २०१९

यानिरा पोरी,

देव तुझं भलं करो. तू आशीर्वाद मागण्याआधीच देऊन टाकते, कारण डोंगरावरून पत्र खाली उतरायला किती दिवस लागतील ते पोस्टमनलाही सांगता येत नाही. तेवढे दिवस तुला बिनआशीर्वादाची कशाला हिंडवू?

तू मिळवून दिलेला सरकारी सवलतीचा फोन झकास चालतो. वादळानं तारा पाडल्या त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं. खांब अजून घळीच्या वाटेवर आडवे पडलेत आणि त्यांच्यावर भोपळ्याचे वेल चढलेत. तारेचा फोन आमच्या जन्मी काही परत येत नाही हे आम्ही कधीच ओळखलं होतं. म्हणून डिसेंबरात तुझ्या कंपनीकडून दोन फोन आले, एक मला नि एक प्रोवीला, तेव्हा आम्ही दोघी म्हाताऱ्या लग्नातल्या पोरींसारख्या हसत होतो.

प्रोवी तुला आठवत असेलच. माझी कोमाद्रे, माझ्या मुलाला, रामोनला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेणारी धर्ममाता. रामोन गेला, त्याचा बाप गेला, तुझी आई न्यूयॉर्कला जाऊन तिथेच संपली. राहिलो आम्ही दोघी, घळीच्या या काठाला मी नि त्या काठाला ती. माझ्या ओसरीतून तिचं पत्र्याचं छप्पर दिसतं. पूर्वी हाक मारली की ओ यायची. आता तिचे कान गेलेत, आणि उतार घसरल्यापासून वाट एवढी वळसा घालून जाते की माझ्या गुडघ्याला तिचं घर म्हणजे परदेश झालं आहे.

फोनवर तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. नुसतं "काय? काय?" करत बसते. म्हणून आम्ही आमची पद्धत बसवली आहे. रोज संध्याकाळी जपमाळ आटोपली की मी तिला एक रिंग देते आणि तोडते. फोन तिच्या एप्रनच्या खिशात असतो, पोटाला गुदगुल्या झाल्या की तिला कळतं. मग ती मला एक रिंग देते. म्हणजे जिवंत आहे, दार लावलं, झोपते. लागोपाठ दोन रिंगा आल्या तर समजायचं, ये, काहीतरी झालंय. आणि रिंग आलीच नाही, तर दुसरीनं उठून बघायला जायचं. असं आम्ही मरियामातेच्या तसबिरीला हात लावून ठरवलंय.

उचलायचा मात्र नाही हं! उचलला की मिनिट गेलं. पहिल्या आठवड्यात प्रोवीनं एकदा चुकून उचलला आणि "काय?" म्हणून ओरडली. मी तिला जी झापली, तेव्हापासून शहाणी झाली. थेंबे थेंबे तळे साचे. सरकारनं दिलेली मिनिटं आम्ही जशीच्या तशी जपून ठेवली आहेत, खऱ्या गरजेसाठी.

तूही मला फोन करू नकोस. आठ दिवसांपूर्वी तीन राजांच्या सणाला आपण बोललो तेव्हा तू ऑफिसात कुजबुजत होतीस आणि मी डोंगरावरून ओरडत होते. त्यात काय मजा? तुझ्या आईनं आणि मी जन्मभर पत्रं लिहिली. ती गेली, तू तिची जागा चालवलीस. तेच बरं आहे. पत्र उशीखाली ठेवता येतं.

पावाच्या गाडीवाल्या चेओबरोबर भाजलेली कॉफी पाठवली आहे. त्यानं वाटेत थोडी काढून घेतली असेल, तेवढं चालायचंच.

तुझी मावशी,
एर्मेलिंदा


रिओ पिएद्रास
२७ जानेवारी २०१९

आशीर्वाद दे, मावशी.

कॉफी मिळाली. चेओनं थोडी नाही, चांगली ओंजळभर काढली आहे. पण ऑफिसात सगळ्यांना वास आला आणि इरिझारीसाहेब स्वतः कप घेऊन माझ्या टेबलाशी आले. एरवी ते माझ्या टेबलाशी येतात ते फक्त चूक दाखवायला.

तुम्ही दोघी फोन रोज वापरता हे वाचून फार बरं वाटलं. तुला वाटत असेल ही बाई सान हुआनच्या ऑफिसात बसून करते तरी काय. तर ऐक. सवलतीच्या प्रत्येक फोनमागे वॉशिंग्टनचं सरकार आमच्या कंपनीला दरमहा पैसे देतं. मग सरकार विचारणारच ना, की हा फोन खरंच गरिबाच्या हातात आहे का? मेलेल्याच्या नावावर चालू नाही ना? एका घरात दोन घेतले नाहीत ना? घेऊन पेटीत टाकला नाही ना? याची उत्तरं अहवालात द्यायची आणि खाली सही करायची, की हे सगळं खरं आहे. तो अहवाल मी बनवते. मागच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीला एवढा दंड बसला की तिनं अर्ध्या माणसांना घरी पाठवलं. तेव्हापासून इरिझारीसाहेबांना झोप नाही, आणि त्यांना नाही म्हणून आम्हालाही नाही.

मी अजून कायम नाही, मावशी. मार्चचा अहवाल निर्मळ गेला तर कायम करू म्हणतात. माझ्यासाठी एक मेणबत्ती लाव.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. अनोळखी मेसेज आला तर उत्तर द्यायचं नाही. कुठलंही बटण दाबायचं नाही, मग त्यात कंपनीचं नाव असो नाहीतर पोपचं. बायामोनमध्ये एका आजीनं असं बटण दाबलं आणि तिची पेन्शन साफ झाली. मेसेज आला की पुसून टाक. प्रोवीमावशीलाही सांग. (तिला सांगताना तिच्या डाव्या कानात सांग, उजव्यापेक्षा तो बरा आहे असं आई म्हणायची.)

तू म्हणतेस तसं फोन करत नाही. इथे फोनवर बोलून बोलून कानाला घट्टे पडतात, संध्याकाळी कागदावर लिहिलं की मी पुन्हा माणसात येते.

तुझी,
यानिरा


सेक्टर लोस ग्वामोस
१९ फेब्रुवारी २०१९

यानिरा पोरी,

देव तुझं भलं करो. मेणबत्ती लावली. एक नाही, दोन लावल्या. दुसरी त्या इरिझारीला झोप लागावी म्हणून, म्हणजे तुला लागेल.

माझा फोन पेटीत नाही, बाईसाहेब, खिशात असतो. अंगावर एवढं तर माझा नवराही राहिला नाही. तुझ्या सरकारला सांग, यायचं असेल तर संध्याकाळी ये आणि बघ किती वापरते ते. जपमाळेचा शेवटचा मणी सुटला की माझा अंगठा आपोआप त्या बटणावर जातो.

तू सांगितलेलं बरोबर निघालं. या आठवड्यात भामट्यांचे मेसेज आले. एक नाही, तीन आले. सगळे इंग्रजीत, वर तुझ्या कंपनीचं नाव, खाली नंबर, इथे दाबा म्हणून. केवढी हिंमत बघ! चेओला दाखवला तर तो म्हणाला, "यात काहीतरी पंधरा दिवस असं लिहिलंय, डोन्या एर्मेलिंदा." मी म्हटलं, "तू पाव विक. माझी भाची त्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, तिनं मला आधीच सावध केलंय." तिन्ही पुसले. हुद्द्याबद्दल जरा वाढवून सांगितलं, त्याचं पाप माझ्या माथी.

आता खरी गोष्ट. प्रोवीचं हृदय बिघडलंय. उतुआदोच्या डॉक्टरनं तिला तपासलं आणि चढ चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही, चिडायचं नाही असं सांगितलं. ती म्हणाली, "मग जगायचं कशाला?" तिचा हिराम ऑरलँडोहून धावत आला. आईला घेऊन जायचंच म्हणून तिकीटसुद्धा काढून आणलं होतं. माझ्या ओसरीत बसून ढसाढसा रडला बिचारा. म्हणाला, "इथे रात्री काही झालं तर कोण आहे तिला?"

मी त्याला आमची रिंगची पद्धत दाखवली. त्याच्या समोर एक रिंग दिली. पलीकडच्या काठावर प्रोवी ओसरीत आली, एप्रनवर हात ठेवला, आणि एक परत दिली. तो बघत राहिला. मी म्हटलं, "बाळा, दोन रिंगा आल्या की मी चेओला उठवीन, तो गाडी काढेल. तुझ्या ऑरलँडोत तुझी आई दिवसभर कुलपात बसेल, आणि तू कामावरून येशील तेव्हा ती भिंतीशी बोलत असेल." हिरामनं तिकीट रद्द केलं. तो दर रविवारी तिला फोन करतो आणि ती उचलून त्याच्यावर ओरडते. तेवढंच तिच्या फोनवरचं बोलणं.

तर पोरी, तुझ्या फोनवर भिस्त ठेवून मी तिला इथे ठेवून घेतली आहे. खरं सांगायचं तर तिच्यासाठी नाही. ती गेली असती तर संध्याकाळी मी कुणाला सांगितलं असतं, की आजचा दिवसही संपला म्हणून?

तुझी मावशी


रिओ पिएद्रास
५ मार्च २०१९

आशीर्वाद, मावशी, आशीर्वाद! आज दोनदा मागते, कारण आज मोठा दिवस आहे.

अहवाल गेला! तपासणीला आलेल्या बाईंनी दोन दिवस सगळं उलटंपालटं करून पाहिलं आणि एक बोट ठेवायला जागा सापडली नाही. उद्या राखेचा बुधवार, मग उपवास, म्हणून इरिझारीसाहेबांनी आजच केक आणला. पेरूच्या मुरंब्याचा. माझं नाव घेऊन म्हणाले, "हे यानिराचं काम." पुढच्या महिन्यापासून मी कायम. आई असती तर तिनं तिच्या न्यूयॉर्कातल्या सगळ्या ब्रॉंक्सला सांगितलं असतं. आता तू सगळ्या डोंगराला सांग.

सगळ्यात किचकट काम होतं ते न वापरलेले फोन शोधण्याचं. तीस दिवस वापर नाही, मग नोटीस, त्यालाही पंधरा दिवसांत उत्तर नाही, की फोन बंद. आज सकाळीच ती यादी मी पुढे पाठवली. तुला खरं वाटणार नाही, सगळ्यात जास्त नंबर तुमच्या डोंगरातल्या गावांचे निघाले. लोक फुकट मिळतो म्हणून घेतात आणि टाकून देतात, मावशी. नोटिशीला साधं उत्तर द्यायचे कष्ट घेत नाहीत. मला राग येतो. कुणाला तरी त्याची खरी गरज असते आणि हे लोक दात नसताना चणे अडवून बसतात. सगळे तुमच्या दोघींसारखे रोज वापरणारे असते तर माझं काम किती हलकं झालं असतं.

नावं मी बघत नाही. बघायची नसतातच, नियम आहे. नुसते नंबर.

प्रोवीमावशीला जप म्हणावं. तुझ्या रिंगच्या पद्धतीची गोष्ट मी इथे सगळ्यांना सांगितली, सगळे म्हणाले, किती गोड!

तुझी कायम झालेली,
यानिरा


सेक्टर लोस ग्वामोस
९ मार्च २०१९

यानिरा पोरी,

देव तुझं भलं करो.

प्रोवी गेली. बुधवारी सकाळी चेओला सापडली.

मला नीट लिहिता येत नाही, तरी लिहिते, कारण सांगायला दुसरं कुणी उरलं नाही. मंगळवारी दुपारी लाइट गेली. ती काय रोजच जाते. संध्याकाळी जपमाळ संपवली आणि बटण दाबलं. आवाजच नाही. वर बारीक इंग्रजी अक्षरं आली होती. मला वाटलं, लाइट गेली म्हणून टॉवर बसला, नेहमी बसतो तसा. पलीकडे तिच्या खिडकीत कंदील दिसत होता. कंदील आहे म्हणजे बाई बरी आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि दार लावून झोपले. झोपले मी, यानिरा. छान झोप लागली.

तिनं रिंगची वाट बघितली असणार. मग स्वतः दिली असणार. फोनमधली बाई काय सांगते ते तिला ऐकू येत नाही. तिला एवढंच कळलं की माझ्याकडून रिंग आली नाही. आणि रिंग आली नाही तर काय करायचं हे आमचं ठरलं होतं.

माझंच काहीतरी दुखतंय असं तिला वाटलं. आल्याचा चहा केला, थर्मासात भरला. गुडघ्याला चोळायची बाटली पिशवीत टाकली. आणि ते हृदय घेऊन निघाली वळसा घालून, ज्याला चढ चढायचा नाही म्हणून सांगितलं होतं ते. उतार घसरलाय तिथपर्यंत आली. तिथे टेलिफोनचा पडका खांब आहे, त्यावर टेकली. चेओला ती तशीच बसलेली दिसली. त्यानं हॉर्न वाजवला. ती बहिरी आहे हे विसरून त्यानं कितीदा तरी वाजवला.

मांडीवर थर्मास होता. त्यातला चहा अजून कोमट होता. तिचे हात कोमट नव्हते.

चेओनं तो मला आणून दिला. मी प्यायले. ओतून द्यायला मन होईना, म्हणून प्यायले.

आता नवव्या दिवसापर्यंत रोज तिच्या घरी जपमाळ आहे. चेओ मला गाडीतून नेतो-आणतो. हिराम आलाय. माझ्याकडे बघत नाही. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काल एवढंच म्हणाला, "डोन्या एर्मेलिंदा, तुम्ही म्हणाला होतात."

लाइट दुसऱ्या दिवशीच आली. सगळ्यांचे फोन चालतात, माझा नाही. चेओनं बघितलं, म्हणाला, टॉवरचं नाही, कंपनीनं बंद केलाय. असं कसं होईल? मी तर एक दिवस चुकवला नाही. तू मोठ्या माणसांना विचार. हे कुणी केलं तेवढं मला शोधून दे. भांडायला नाही गं. हिरामला सांगता यावं म्हणून, की मी खोटं बोलले नव्हते.

तुझी मावशी


रिओ पिएद्रास
२० मार्च २०१९

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळालं. प्रोवीमावशीबद्दल वाचून अतिशय वाईट वाटलं. देव तिच्या आत्म्याला शांती देवो.

तू विचारल्याप्रमाणे चौकशी केली. तुझा फोन न वापरल्याच्या कारणावरून बंद करण्यात आला होता. नियमात वापर म्हणजे समोरच्यानं उचललेला फोन, आपण उचललेला फोन, किंवा पाठवलेला मेसेज. रिंग देऊन तोडली, तर ती कुठेच नोंदली जात नाही. त्यामुळे तीन राजांच्या सणानंतर तुझ्या नंबरावर काहीच वापर दिसला नाही. फेब्रुवारीत तुला सूचना पाठवण्यात आल्या होत्या. त्यांना उत्तर न आल्यानं पुढची कार्यवाही करण्यात आली. प्रोवीमावशी हिरामचा फोन उचलत होती, म्हणून तिचा चालू राहिला.

यात कुणा एका माणसाचा दोष नाही. पद्धतच तशी आहे. यादी यंत्रातून निघते.

मी इरिझारीसाहेबांशी बोलले आणि खास बाब म्हणून तुझी लाइन पुन्हा सुरू करून घेतली. आता तो फोन चालेल. फक्त एवढं कर, की तीस दिवसांत एकदा तरी कुणाशी तरी बोल. एक मिनिट पुरे. कुणी नसेल तर मला कर. केव्हाही कर, मी उचलीन. ऑफिसात असले तरी उचलीन.

मी गुड फ्रायडेच्या सुट्टीत यायचा प्रयत्न करते. नक्की सांगत नाही, कारण तिमाही अहवाल त्याच आठवड्यात आहे.

जेवत जा.

यानिरा


सेक्टर लोस ग्वामोस
२ एप्रिल २०१९

यानिरा,

तुझी दोन पत्रं चेओनं एकदमच आणून दिली. केकवालं खालीच कुठेतरी अडकलं होतं. मी आधी नंतरचं वाचलं आणि मग आधीचं.

नंतरच्या पत्रात तू आशीर्वाद मागितला नाहीस. तू सात वर्षांची असताना माझी निळी किनारीची बशी फोडलीस आणि मक्याच्या पोत्यामागे लपवलीस. तेव्हाही दिवसभर माझ्यासमोरून आशीर्वाद न मागता ये-जा करत होतीस. बशी मला रात्री सापडली, पण फुटलंय काहीतरी हे सकाळीच कळलं होतं. त्यामुळे केकवालं पत्र उघडलं तेव्हा मला फार शोधावं लागलं नाही. आज सकाळीच यादी पुढे पाठवली, असं तूच लिहिलंयस. पत्र मंगळवारचं.

तुला शिक्षा करायला लिहीत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही रीत काही तू काढलेली नाहीस. आणि मी तरी कोण मोठी? फोन करू नकोस असं मीच तुला बजावलं. मेसेज पुसून टाक असं तू मला बजावलंस. तू एकदा, एकदाच फोन करून विचारलं असतंस, मावशी, जेवलीस का, तर तेवढ्यानं माझा फोन जिवंत राहिला असता. पण आपण दोघी शहाण्या. आपण पत्रं लिहीत बसलो.

हिरामला मी सांगितलं. नियम सांगितला, तीस दिवसांचा, उचलण्याचा, सगळा. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे आई मेली ती तुम्ही मिनिटं वाचवत होतात म्हणून." त्याचं चूक आहे असं मला म्हणता येईना.

आणखी एक गोष्ट, तीही तुझ्या अहवालासाठी. तुझं पत्र यायच्या आधी, मागच्या आठवड्यात, फोन आपोआप सुरू झाला. मला माहीत नव्हतं. जपमाळ संपली आणि अंगठा सवयीनं बटणावर गेला. तिचा फोन तिच्या घरीच आहे, हिराम घर आवरतोय ना, त्याच्याकडे. रिंग गेली. एक झाली. मला तोडायचं सुचलं नाही. दुसरी झाली. आणि कुणीतरी उचलला.

इतक्या संध्याकाळी रिंगा दिल्या, पण पलीकडून कुणी उचलण्याची वाट मी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितली. क्षणभर मला खरंच वाटलं की आता ती "काय?" म्हणून ओरडेल. हिराम होता. "कोण आहे? बोला ना, कोण?" म्हणाला. मी म्हटलं, "चुकून लागला." त्यानं आवाज ओळखला असणार. त्यानं फोन ठेवला.

ते तुमच्याकडे नोंदलं गेलं असेल. दोन महिने आम्ही रोज एकमेकींना जिवंत आहे म्हणून सांगत होतो, ते कुठेच नाही. आणि ती गेल्यावर मी एका परक्या झालेल्या पोराला खोटं बोलले, तो झाला वापर.

तू म्हणतेस, मला कर. केला होता. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी दुपारी केला. तू उचलला नाहीस, यंत्र बोललं. रागावून सांगत नाही, मीटिंग असेल. कामावरच्या माणसाचं असंच असतं. पण पोरी, उरलेलं आयुष्य मी महिन्यातून एकदा, फोन मरू नये म्हणून, फोन करायचा? कुणाला? जिला सांगायचं होतं तिला बोलून सांगावं लागत नव्हतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मला नको हा फोन.

हिराम शनिवारी घराला कुलूप लावून जातोय. पलीकडे आता कंदील लागणार नाही.

गुड फ्रायडेला येऊ नकोस. रस्ता खचलाय आणि तुझा अहवाल आहे. ओढून-ताणून यावं असं इथे काही राहिलेलं नाही. कधी मनापासून आलीस तर ओसरीच्या पायरीवर उभी राहा आणि लहानपणी मागायचीस तसा आशीर्वाद माग. आमच्यात मागितलेला नाकारत नाहीत. पूर्वी मी न मागताही द्यायचे. या वेळी हात उचलला, पण शब्द आले नाहीत. उद्या येतील की नाही, मला माहीत नाही.

फोन या पाकिटात घातला आहे, चार्जरसकट. पुढच्या महिन्याची यादी करशील तेव्हा माझा नंबर त्यात घाल आणि पुढे लिही, वापर नाही. खाली बिनधास्त सही कर. या वेळी ते खरं आहे.

एर्मेलिंदा